चंद्रापर्यंतचं कुंपण

एप्रिलअखेरीस इंग्लंडातल्या लिंकनशायरवरून विमान जातं तेव्हा खाली पिवळेजर्द चौकोन दिसतात. ते ऑइलसीड रेपचे, म्हणजे आपल्या मोहरीच्या भाऊबंदांपैकी एका तेलबियांच्या पिकाचे. अशा शेतात फुलं किती असतील? बांधावर बसून मोजायची गरज नाही, वजनकाटा सांगतो. हेक्टरी उतारा साधारण ३ टन, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम. एक दाणा ५ मिलिग्रॅमचा धरला तर ६०,००० दाणे झाले. शेंगेत १५ ते २० दाणे, म्हणजे शेंगा ३,००० ते ४,०००. आणि प्रत्येक शेंग आधी फूल होती. शेंग न धरताच गळालेली फुलं हिशेबात नाहीतच. तरीही हेक्टरी ३ कोटी.

२०१२ साली ब्रिटनमध्ये हे पीक सुमारे साडेसात लाख हेक्टरांवर होतं, त्यातलं बहुतेक इंग्लंडात. गुणाकार केला तर २२ लाख कोटी फुलं. जगातल्या प्रत्येक माणसाच्या ओंजळीत अडीच हजारांहून जास्त पडतील.

आकडा अवाढव्य आहे, पण सगळी फुलं एकाच जातीची. शिवाय हा रंगही नवखाच. १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात गेला, तेलबियांना आधार मिळाला आणि पिवळा रंग पसरला. पुढे २०१३ च्या अखेरीस बीजप्रक्रियेच्या काही कीटकनाशकांवर युरोपने निर्बंध घातले. बारीक भुंगेरे कोवळी रोपं फस्त करू लागले, शेतकऱ्यांनी हात आखडता घेतला, आणि आता क्षेत्र निम्म्याहून कमी उरलं आहे.

मला जास्त चक्रावतात त्या चौकोनांच्या कडा. तिथे झुडपांची जिवंत कुंपणं आहेत. यूके सेंटर फॉर इकॉलॉजी अँड हायड्रॉलॉजी या संस्थेने विमानातून सोडलेल्या लेझर किरणांच्या आधारे ती मोजली आणि २०२४ मध्ये आकडा जाहीर केला: एकट्या इंग्लंडात ३,९०,००० किलोमीटर. पृथ्वीपासून चंद्र सरासरी ३,८४,००० किलोमीटरवर आहे. कुंपण तिथे पोचून वर शिल्लक उरेल! या कुंपणांत आधी ब्लॅकथॉर्न फुलतो, पानं यायच्या आत, निष्पर्ण फांद्यांवर पांढराशुभ्र. मे महिन्यात पाळी हॉथॉर्नची. मात्र हॉथॉर्नला फुलं येतात ती आदल्या वर्षीच्या लाकडावर. दरवर्षी यंत्राने छाटलेलं कुंपण टापटीप दिसतं, पण फुलत नाही. त्यामुळे चंद्राच्या वाटेवर बराचसा रस्ता नुसताच हिरवा.

हा बहर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो, तोही मोजता येण्याजोग्या वेगाने. पहिलं फूल, पहिलं पान, पहिलं पाखरू अशा नोंदी जुळवून काढलेला सरासरी वेग ताशी ३ किलोमीटरच्या आसपास आहे. वारीतल्या दिंडीची चाल म्हणा ना, फक्त मुक्काम नाही. १८९१ ते १९४७ च्या नोंदींत तो ताशी दोनच किलोमीटर होता.

निघण्याची तारीखही अलीकडे आली आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी १७५३ पासूनच्या, ४०६ जातींच्या ४ लाखांहून अधिक नोंदी तपासल्या. १९८६ पर्यंतच्या सरासरीपेक्षा नंतरच्या वर्षांत पहिलं फूल जवळजवळ महिनाभर आधी येऊ लागल्याचं त्यांना दिसलं. लवकर फुललेल्या मोहोरावर उशिराची थंडी पडली, की सफरचंदवाल्यांचा हंगाम गेलाच.

ब्लूबेलला मात्र कसलीच घाई नाही. बी पडल्यापासून फूल यायला पाच वर्षं तरी लागतात, आणि बी पडतं आईच्या पायाशीच. जंगलभर पसरलेला निळा गालिचा दिसला, तर ते जंगल बहुधा शतकानुशतकं तिथेच आहे. जगातल्या ब्लूबेलपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या ब्रिटनमध्ये आहेत.

उलट्या बाजूचा आकडा रानफुलांच्या कुरणांचा. १९३० च्या दशकापासून पन्नासेक वर्षांत इंग्लंड आणि वेल्समधली ९७ टक्के कुरणं गेली: काही नांगरली, काहींना रासायनिक खत घातलं. खताने गवत माजतं आणि फुलं दबतात. उरलेल्यांपैकी एक विल्टशायरमधलं, क्रिकलेडचं नॉर्थ मेडो. ब्रिटनमधल्या रानटी फ्रिटिलरींपैकी, म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारख्या जांभळ्या चौकटींच्या फुलांपैकी, सुमारे ८० टक्के या एका कुरणात. ते टिकलं ते फुलांच्या कौतुकामुळे नव्हे, चाऱ्याच्या जुन्या वहिवाटीमुळे. बी झडून गेल्यावर जुलैत गवत कापायचं, आणि १२ ऑगस्टपासून सामाईक हक्काने गुरं आत सोडायची.