वहिवाट आणि डागडुजी : स्केटबोर्डच्या जागांविषयी काही विचार

स्केटबोर्ड ह्या खेळाचे मैदान बहुधा दुसऱ्याच कोणत्या तरी कारणासाठी बांधलेले असते. क्रिकेटला खेळपट्टी तयार करावी लागते, कबड्डीला चुन्याच्या रेघा आखाव्या लागतात. स्केटबोर्ड खेळणारास मात्र कचेरीच्या पायऱ्या, उद्यानातील दगडी बाक, पुलाखालचा उतार किंवा फरसबंदीची कड एवढे सापडले म्हणजे पुरे होते. अशा जागेस खेळाडूंच्या बोलीत नुसते ‘स्पॉट’ म्हणतात. शहराच्या नकाशावर ती दाखविलेली नसते. तिचे अस्तित्व वापराने सिद्ध होते आणि वापर थांबला की ती पुन्हा नुसती पायरी किंवा नुसता बाक होऊन राहते. अशा जागेवर खेळणारांचा काही हक्क उत्पन्न होतो काय, आणि होत असल्यास तो कशाने होतो, हा प्रश्न वरवर पाहता पोरखेळाचा वाटेल. परंतु मराठीत ज्याला ‘वहिवाट’ म्हणतात, त्या जुन्या कल्पनेची आधुनिक शहरात काय गत होते हे पाहण्यास ह्याहून सोयीचे उदाहरण क्वचितच मिळेल.

खेळाचे साधन अगदी साधे आहे. मेपल लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेली, वीतभर रुंदीची फळी आणि तिच्याखाली चार लहान चाके. ही चाके पूर्वी मातीची किंवा पोलादाची असत. १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत कॅलिफोर्नियात पॉलियुरेथेनची चाके आली आणि फळीला जमिनीची पकड मिळाली. १९७६-७७ च्या अवर्षणात तेथील पोहण्याचे तलाव कोरडे पडले, तेव्हा त्यांच्या वक्र भिंतींवर हा खेळ चढला. पुढे ॲलन गेलफंड ह्या फ्लोरिडातील मुलाने हात न लावता फळीसह हवेत उसळण्याची युक्ती काढली. ती सपाट जमिनीवर साधण्याचे श्रेय रॉडनी मलन ह्यास दिले जाते. ‘ऑली’ ह्या नावाने ओळखली जाणारी ही उसळी ह्या खेळाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना होय. कारण तिच्यायोगे कट्टा, पायऱ्या आणि कठडा ह्या वस्तू अडथळे न राहता खेळाची सामग्री बनल्या, आणि खेळ कुंपणातल्या तलावातून रस्त्यावर आला. (कट्टा ह्या शब्दात दगडी बैठक आणि तरुणांचा जमाव हे दोन्ही अर्थ मराठीने आधीच एकत्र आणून ठेवले आहेत, ही गंमत येथे नोंदविण्यासारखी आहे.)

सापडलेली जागा तशीच वापरता येते असे मात्र नाही. फळीचे चाक जेमतेम दोन इंच व्यासाचे आणि कठीण असते. वाटाण्याएवढा खडा त्याखाली आला तरी फळी जागच्या जागी थांबते आणि स्वार पुढे फेकला जातो. म्हणून प्रत्येक जागेची सेवा केराच्या झाडूपासून सुरू होते. फरशीच्या सांध्यात आणि भेगांत लुकण भरावे लागते. त्यासाठी मोटारीच्या पत्र्याचे पोचे बुजविण्याचे जलद सुकणारे लुकण सोयीचे पडते. कट्ट्याची कड खडबडीत असल्यास ती घासून तिच्यावर मेण चोळतात, म्हणजे फळी तिच्यावरून घसरते. काँक्रीटची कड ढासळू लागली तर तीवर लोखंडी अँगल बसवितात. आणखी एक पायरी पुढे गेल्यावर पोत्यातील कोरडे मिश्रण बादलीत कालवून भिंतीच्या पायथ्याशी उतार घातला जातो. हे शेवटचे काम दिसते तितके सोपे नाही. वक्र उतार एका त्रिज्येचा हवा. ओले काँक्रीट उतारावरून खाली सरकते, म्हणून ते घट्ट कालवावे लागते. थापी लवकर फिरविली तर पाणी वर येऊन पृष्ठभाग भुसभुशीत होतो आणि उशिरा फिरविली तर तो गुळगुळीत होत नाही. गवंड्याचे हे ज्ञान खेळाडूंनी चुकत चुकत, आपल्याच गुडघ्यांच्या खर्चाने मिळविले आहे.

ह्या परंपरेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील पोर्टलंड शहरी आहे. बर्नसाइड पुलाच्या पूर्व टोकाखाली १९९० साली काही तरुणांनी कोणाचीही परवानगी न घेता एका भिंतीशी काँक्रीटचा उतार घातला. ओरेगॉनमध्ये वर्षातून कित्येक महिने पाऊस असतो. पुलाखाली छप्पर होते, एवढाच काय तो त्या जागेचा गुण. बाकी तेथे कचरा, मादक पदार्थांचा व्यवहार आणि बेघरांची वस्ती होती. एका उतारातून दुसरा निघाला, पुलाचे खांब एकामागून एक काँक्रीटच्या वेढ्यात आले आणि कोणताही आराखडा नसताना एक संपूर्ण क्रीडास्थान उभे राहिले. आजूबाजूच्या व्यावसायिकांपैकी काहींनी त्यास विरोध करण्याऐवजी पाठिंबा दिला, कारण वर्दळ वाढल्याने परिसरातील उपद्रव कमी झाला असे त्यांना दिसून आले. १९९२ च्या सुमारास नगरपालिकेनेही ते मान्य केले. बांधणारांपैकी मार्क स्कॉट ह्यांच्यासारखे काही जण पुढे ह्याच कामाचे व्यावसायिक झाले आणि अनेक नगरपालिकांसाठी त्यांनी अशी क्रीडास्थाने बांधली. बर्नसाइड मात्र अद्याप वर्गणीवर आणि श्रमदानावर चालते.

बर्नसाइडमध्ये हक्क कोठून आला? जमीन खेळाडूंची नव्हती; परवाना नव्हता; दीर्घकालीन उपभोग म्हणावा तर दोन वर्षेही धड झाली नव्हती. होती ती केवळ राबणूक. परसातल्या पडीक तुकड्यावर कोणी आळे करून वेल लावला तर शेजारी तो उपटताना जसा कचरतो, तसेच येथे झाले असे म्हणावयास हरकत नाही. जागा नुसती वापरणाऱ्यास हुसकावता येते; ती सुधारणाऱ्यास हुसकावताना सत्तेला कारण द्यावे लागते. डागडुजी ही ह्या अर्थाने केवळ सोय नसून दावा आहे, आणि खेळाडूंच्या संस्कृतीतील पुष्कळशा गोष्टी ह्या दृष्टीने पाहिल्या म्हणजेच उलगडतात. झाडू न मारता येऊन खेळून जाणाऱ्याविषयीचा तेथील तिटकारा हे त्यांपैकी एक.

ह्याच्या उलट प्रकार फिलाडेल्फियात घडला. तेथील ‘लव्ह पार्क’ ह्या चौकाची मूळ कल्पना एडमंड बेकन ह्यांनी १९३२ साली कॉर्नेल विद्यापीठातील आपल्या प्रबंधात मांडली होती. प्रत्यक्ष चौक १९६५ मध्ये पुरा झाला आणि १९७६ साली बसविलेल्या रॉबर्ट इंडियाना ह्यांच्या शिल्पावरून त्याला हे नाव पडले. ग्रॅनाइटचे लांब कट्टे, रुंद पायऱ्या आणि सुट्या बसविलेल्या फरशा ह्यांमुळे तो स्केटबोर्डच्या जगातील तीर्थक्षेत्र बनला. ह्या फरशीचा एक कोपरा उचलून त्याखाली टेकण दिले की तिचाच उतार होई. परंतु ग्रॅनाइटला डागडुजी लागत नाही; लागलीच तर ती नगरपालिकेची. येथे खेळाडूंनी वापर केला, रचना केली नाही. २००० साली बंदी घालण्यात आली, आणि २००२ मध्ये ‘सुधारणा’ ह्या नावाखाली दगडी बाके काढून हिरवळीचे वाफे व लाकडी बाके बसविण्यात आली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात बेकन ह्यांनी वयाच्या ९२ व्या वर्षी, दोन्ही बाजूंनी आधार घेऊन, त्या चौकात स्वतः फळीवर उभे राहून निषेध केला. एका बूट-उत्पादक कंपनीने पुढे दहा लक्ष डॉलर देऊ केले, तेही नाकारले गेले. २०१६ मध्ये चौक उखडण्यापूर्वी महापौरांनी काही दिवसांपुरती बंदी उठविली. निरोपाची एवढी मुभा तरी मिळाली. ग्रॅनाइटचे काही दगड स्वीडनमधील माल्मो शहराने मागून नेले.

त्याच फिलाडेल्फियात, शहराच्या दक्षिण टोकाला, महामार्गाच्या पुलाखाली नगरपालिकेने १९९० नंतरच्या दशकात खेळाडूंसाठी पर्यायी जागा करून दिली होती. ती दोन-चार ठोकळ्यांपलीकडे काही नव्हती आणि कोणास आवडली नाही. मग खेळाडूंनी तेथे स्वतः काँक्रीट ओतावयास प्रारंभ केला. आज ‘एफडीआर’ ह्या नावाने ती जागा सर्वत्र ज्ञात आहे. एकाच शहरात देखणी जागा गेली आणि नाकारलेली राहिली, ह्यातून बरेच शिकता येते.

तथापि ह्या कथेची एक काळी बाजू ओशन हॉवेल ह्या अभ्यासकाने दाखविली आहे. स्वतः पूर्वी व्यावसायिक खेळाडू असलेल्या हॉवेल ह्यांनी २००५ साली लव्ह पार्कवर लिहिलेल्या निबंधात असे दाखविले की, खेळाडूंच्या वर्दळीमुळे त्या चौकातील बेघर लोक मागे सरले, चौक ‘सुरक्षित’ झाला, आणि तो तसा झाल्यावर नगरपालिकेला खेळाडूंचीही गरज उरली नाही. बर्नसाइडलाही हा आक्षेप लागू होतो. पुलाखाली आधी राहणारांची वहिवाट खेळाडूंच्या वहिवाटीपेक्षा जुनी होती. तिला कोणी दाद दिली नाही, कारण झोपण्याने जागा ‘सुधारत’ नाही. शिवाय आपले काम नागरिकांनी फुकट करावे आणि वर त्याबद्दल त्यांनी शाबासकीवर समाधान मानावे, ही कोणत्याही नगरपालिकेला परवडणारी व्यवस्था आहे. डागडुजीने हक्क मिळतो हे विधान म्हणूनच सावधपणे करावयास हवे. ज्यांचे श्रम सत्तेच्या हिताशी जुळतात त्यांचाच तो मिळतो, असे आजवरच्या उदाहरणांवरून दिसते.

कायद्याच्या भूमीवर हा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे उभा राहिला तो लंडनमध्ये. थेम्सच्या दक्षिण तीरावर १९६७ मध्ये उघडलेल्या क्वीन एलिझाबेथ हॉल ह्या संगीतगृहाच्या पोटात छत्रीसारखे माथे असलेल्या खांबांची, तिरप्या काँक्रीट-उतारांची एक मोकळी जागा राहून गेली. तिला निश्चित प्रयोजन नव्हते. १९७३ च्या आगेमागे तेथे स्केटबोर्ड आला आणि नंतर गेला नाही. वास्तुइतिहासकार इयन बॉर्डन ह्यांनी २००१ च्या आपल्या ग्रंथात, आंरी लफेव्रच्या अवकाश-निर्मितीच्या सिद्धांताचा आधार घेऊन, अशा खेळाला वास्तूचे शरीराने केलेले पुनर्लेखन मानले आहे. त्यास ह्या जागेहून चांगला पुरावा नसेल. २००४-०५ च्या सुमारास तिचा अर्ध्याहून अधिक भाग बंद करण्यात आला. मार्च २०१३ मध्ये बारा कोटी पौंडांची विस्तारयोजना जाहीर झाली. तीत ह्या जागी दुकाने व उपाहारगृहे येणार होती आणि खेळाडूंना जवळच्या हंगरफर्ड पुलाखाली नवी, मुद्दाम आखलेली जागा मिळणार होती. खेळाडूंनी ती नाकारली. नियोजन-अर्जावर सुमारे २७,००० हरकती दाखल झाल्या.

ह्या लढ्यातील एक डावपेच मराठी वाचकास विशेष परिचित वाटेल. इंग्लंडच्या २००६ च्या सामायिक भूमींविषयीच्या कायद्यान्वये, स्थानिक रहिवाशांनी एखाद्या भूमीवर किमान २० वर्षे हक्क असल्याप्रमाणे खेळ व मनोरंजन केले असेल, तर तिची ‘व्हिलेज ग्रीन’ म्हणून नोंद करता येते. आपल्या गायरानाशी हिचे दूरचे नाते आहे, फरक एवढाच की येथे गुरांऐवजी माणसे मोकळी सोडलेली असतात. १८८२ च्या भारतीय इझमेंट कायद्यातही वाट, हवा, उजेड ह्यांच्या उपभोगास २० वर्षांचीच मुदत आहे. दोहोंचे मूळ इंग्रजी विधिपरंपरेत आहे. काँक्रीटच्या तळघराला गावची हिरवळ ठरविण्याचा हा अर्ज हास्यास्पद नव्हता. कारण वहिवाटीचा विचार करताना गवत आहे की नाही हे पाहावयाचे नसते, वापर कसा झाला ते पाहावयाचे असते. तो वापर बळाने झालेला नसावा, चोरून झालेला नसावा आणि परवानगीने झालेला नसावा, असा त्रिविध दंडक आहे. त्यांतील तिसरी अट विलक्षण आहे. मालकाने सौजन्याने ‘या, खेळा’ म्हटले की हक्क पिकावयाचा थांबतो. मालक काही न बोलता केवळ सहन करीत राहिला तरच तो पिकतो. म्हणजे पाहुणचार हा वहिवाटीचा शत्रू आहे. अर्ज अमान्य झाला आणि वाद न्यायालयाकडे गेला. दरम्यान जानेवारी २०१४ मध्ये लंडनच्या महापौरांनी खेळाडूंची बाजू घेतली आणि योजना थंडावली.

सप्टेंबर २०१४ मध्ये तडजोड झाली. केंद्राने ही जागा स्केटबोर्ड व तत्सम नागर कलांसाठी खुली ठेवण्याचे नियोजन-कायद्याखालील कराराने मान्य केले आणि खेळाडूंच्या संघटनेने व्हिलेज ग्रीनचा अर्ज मागे घेतला. त्यानंतर संघटनेने केंद्राच्या सहकार्याने वर्गणी गोळा करून पूर्वी बंद केलेला भाग उघडण्याचे काम हाती घेतले. जुलै २०१९ मध्ये तो खुला झाला. ह्या कामात नवीन क्रीडास्थान बांधण्याचा मोह टाळण्यात आला. १९६० नंतरच्या दशकातील मूळ छोटे उतार व लाकडी कट्टे होते तसे पुन्हा करण्यावर भर होता. पुरातत्त्वखाते एखाद्या देवळाच्या बाबतीत जी दृष्टी ठेवते, तीच येथे चिरा पडलेल्या उताराच्या बाबतीत ठेवली गेली.

कराराने जागा वाचली, ह्यात शंका नाही. परंतु कायद्याच्या काटेकोर दृष्टीने पाहता त्या दिवसापासून तेथील खेळ मालकाच्या लेखी संमतीने चालू आहे. चाळीस वर्षे जे नुसते सहन केले गेले, ते आता मान्य झाले आहे. आणि म्हणून वहिवाटीची मोजणी तेथे थांबली आहे. करार कधी काळी संपुष्टात आला तर पुढील पिढीतील खेळाडूंना ती नव्याने, पहिल्या वर्षापासून, सुरू करावी लागेल.