लुगड्याच्या निऱ्या

भाऊबीज झाली की आमच्या भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते आणि मंडईला दंडार नाहीतर खडी गंमत हवीच. लहानपणी एका नाच्याला तयार होताना मी अगदी जवळून पाहिलं. दिवसभर बांधीत धान कापलेला माणूस. संध्याकाळी दाढी दोनदा घोटली आणि लुगडं घेऊन ओसरीत उभा राहिला. एक निरी जरा मोठी झाली, तर सगळ्या सोडल्या आणि पुन्हा घातल्या. तिसऱ्यांदा जमलं. पदर खांद्यावर आला तशी त्याची मान वळायची ढबच बदलली.

२०११च्या मे महिन्यात रवी जाधवांचा ‘बालगंधर्व’ चित्रपट आला, तेव्हा म्हणूनच मी सुबोध भावेच्या चेहऱ्याआधी हात पाहिले. पदर सावरणारी बोटं आणि ती वळणारी मान. जमलं होतं! भावे तेव्हा पस्तिशीचा. ज्या नारायणरावांच्या, म्हणजे बालगंधर्वांच्या, शालू-शेल्यांची नक्कल घराघरांतल्या बायका करत, त्यांना उभं करायचं होतं. १२ मार्च १९११ला ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची लेक गेली, तरी ते भामिनी होऊन रंगमंचावर गेले. हे ओझं घेऊन नटाला नुसतं नटून चालत नाही. आनंद भाटेंचा गळा आणि विक्रम गायकवाडांची रंगभूषा, दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण दुसऱ्याच्या तानेवर स्वतःचा श्वास बसवणं हे भावेचंच काम होतं.

त्याआधी २००९मध्ये नंदू माधव दादासाहेब फाळके झाले होते. नंतर तर अशा चरित्रपटांची रांगच लागली. नारायणाला ‘बालगंधर्व’ म्हणणारे टिळक भावेनेच २०१५मध्ये केले, २०१८मध्ये काशिनाथ घाणेकर. २०१९मध्ये सागर देशमुख पु. ल. झाला, हे मला सगळ्यांत धाडसाचं वाटतं, कारण पुलंचा आवाज घरोघरी कॅसेटवर पाठ आहे. २०२३मध्ये अंकुश चौधरी शाहीर साबळे झाला. त्यात भानुमती झालेली सना शिंदे ही शाहिरांची पणती. पुढच्या वर्षी सुनील बर्वे सुधीर फडके.

आमच्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवर २०२२मध्ये ‘झॉलीवूड’ चित्रपट आला, २०२३मध्ये इथले नट परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली. दोन्ही वेळा ऊर भरून आला. पण झाडीतल्या एका कलावंताचा पुरता जन्म पडद्यावर यावा, असं फार वाटतं. त्यासाठी पुण्या-मुंबईचा पोरगा आला तरी चालेल. त्याने आधी महिनाभर साकोली-लाखांदूरकडे राहावं, झाडीबोली कानात मुरू द्यावी, धानाच्या बांधीत वाकून पाहावं. मग लुगडं हातात घ्यावं आणि निऱ्या घालायला बसावं. तिसऱ्यांदा जमतील.