बीबीसी मायक्रो
बीबीसी मायक्रो हा ब्रिटनमधील केंब्रिज येथील एकॉर्न कॉम्प्युटर्स या कंपनीने तयार केलेला ८-बिट संगणक होय. तो डिसेंबर १९८१ मध्ये बाजारात आला. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनच्या (बीबीसी) संगणक साक्षरता प्रकल्पासाठी त्याची निवड झाली होती. दूरचित्रवाणीवर पाहिलेले प्रेक्षकाला स्वतः करून पाहता यावे, ही त्यामागील कल्पना होती.

इतिहास
प्रारंभी न्यूब्रेन या संगणकाचा विचार झाला होता. मात्र तो वेळेत तयार होईना, म्हणून बीबीसीने अन्य उत्पादकांकडे विचारणा केली. एकॉर्नकडे त्या वेळी केवळ आराखडा होता. सोफी विल्सन, स्टीव्ह फर्बर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आठवड्याभरात चालता नमुना उभा केला. सुमारे १२,००० यंत्रे खपतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात १५ लाखांहून अधिक खपली. शाळांना खरेदीसाठी सरकारी अनुदान मिळाल्याने ब्रिटनमधील बहुसंख्य शाळांत हा संगणक पोहोचला. घरगुती ग्राहकाला मात्र तो महागच होता. १९८२ मध्ये सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम १२५ पौंडांपासून मिळत असताना बीबीसी मायक्रोच्या 'मॉडेल बी'ची किंमत ३९९ पौंड होती.

भारतातील शाळांसाठी १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' या संगणक साक्षरता प्रकल्पातही हेच यंत्र वापरले गेले.

रचना
यात २ मेगाहर्ट्झ गतीचा ६५०२ प्रक्रियक होता. 'मॉडेल ए'ला १६, तर 'मॉडेल बी'ला ३२ किलोबाइट मेमरी होती. यंत्र सुरू करताच बेसिक ही आज्ञावली-भाषा समोर येई, त्यामुळे विद्यार्थी थेट आज्ञा लिहू लागे. विल्सन यांनी रचलेल्या या बेसिकमध्ये कार्यपद्धतींना नावे देता येत, त्यामुळे मोठी आज्ञावलीही सुटसुटीत भागांत लिहिता येई. त्यातच असेंब्ली भाषेतील आज्ञाही लिहिता येत. म्हणजे नवशिक्याला प्रक्रियकापर्यंत पोहोचण्यासाठी वेगळे साधन विकत घ्यावे लागत नसे.

वारसा
'ट्यूब' या जोडणीद्वारे बीबीसी मायक्रोला दुसरा प्रक्रियक जोडता येई. या सोयीचा सर्वांत दूरगामी उपयोग एकॉर्ननेच केला. विल्सन व फर्बर यांनी एआरएम प्रक्रियकाची रचना केली, तेव्हा त्याची प्रतिकृती बीबीसी बेसिकमध्ये लिहून तपासली गेली. एप्रिल १९८५ मध्ये तयार होऊन आलेली पहिली चिपही बीबीसी मायक्रोलाच जोडून चालवण्यात आली. आजचे बहुतेक सर्व स्मार्टफोन याच कुळातील प्रक्रियकांवर चालतात. २०१२ मध्ये शिक्षणासाठी आलेल्या रास्पबेरी पाय या स्वस्त संगणकाच्या 'मॉडेल ए' व 'मॉडेल बी' या नावांतही बीबीसी मायक्रोचेच स्मरण आहे.