दमाची पट्टी

क्रिकेटमध्ये गोलंदाजाला चार षटकं टाकून झाल्यावर फाइन लेगला पाठवता येतं. तिथे तो पाणी पितो, खांदा फिरवतो आणि तासाभराने दुसऱ्या टोकाकडून पुन्हा येतो. बेसबॉलच्या पिचरला ही सोय नाही. त्याला एकदा सामन्यातून बाहेर काढलं की त्या दिवसापुरता विषय मिटला. त्यामुळे मॅनेजरला दर सामन्यात एकच घोर असतो: याला अजून किती वेळ ठेवायचा? कंट्रोलर हातात धरून सोफ्यावर बसलेल्यालाही तोच घोर लागतो. फरक इतकाच, की त्याच्या पडद्यावर एक छोटीशी पट्टी असते आणि तीत पिचरचा उरलेला दम दिसतो. अशी पट्टी मिळणार असती तर खऱ्या मॅनेजरांनी अर्धा पगार खुशीने सोडला असता.

‘एमएलबी द शो’ ही सॅन डिएगो स्टुडिओची मालिका २००६ सालापासून चालू आहे. तिच्यात प्रत्येक पिचरला वेग, नियंत्रण, चेंडूचं वळण यांच्या जोडीला दमाचाही एक आकडा असतो. सामना सुरू करणाऱ्या स्टार्टरचा तो मोठा. शेवटच्या इनिंगला येऊन दार लावून घेणाऱ्या क्लोजरचा बराच लहान. प्रत्येक चेंडूगणिक पट्टी थोडी ओसरते. वेग मैल-दोन मैलांनी उतरतो, पण ते निभावतं. निभावत नाही ते नियंत्रण. २०२१च्या आवृत्तीत ‘पिनपॉइंट’ नावाची पद्धत आली. तीत कंट्रोलरच्या काडीने एक आकृती गिरवायची आणि नेमक्या क्षणी चेंडू सोडायचा. आकृती तितकीच सुबक काढली तरी दमलेल्या पिचरचा चेंडू भरकटण्याची शक्यता वाढते. बाहेरच्या कोपऱ्यासाठी सोडलेला स्लायडर प्लेटच्या मधोमध येऊन लोंबकळतो, आणि मग कॅमेरा प्रेक्षकांच्या स्टँडकडे वळतो.

नवखा खेळाडू पट्टी रिकामी व्हायची वाट बघतो. तिथेच तो फसतो, कारण बदली पिचर हा नळ सोडला की येणारं पाणी नव्हे. त्याला बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांच्या सरावाच्या जागेत, आधी हात गरम करावा लागतो आणि त्यात वेळ जातो. थंड हाताने आणलात तर ताजा पिचरही दमलेल्यासारखाच टाकतो. म्हणून जाणता खेळाडू पट्टी निम्म्यावर असतानाच बुलपेनकडे खूण करतो आणि मग वेळ काढत बसतो: पहिल्या बेसवरच्या धावपटूकडे उगाच एखादा चेंडू फेक, पिचरच्या टेकाडावर जाऊन त्याच्याशी हितगुज कर. खऱ्या मैदानावर हा वेळकाढूपणा महाग होत चालला आहे. टेकाडावरच्या भेटींवर २०१८मध्ये सामन्याला सहाची मर्यादा आली, २०२४मध्ये ती चारवर आणली. त्यात २०२३पासून चेंडू टाकायला घड्याळ लागलं. शिवाय २०२०पासून नवा पिचर आला की त्याने किमान तीन बॅटरना तरी सामोरं जायचं किंवा ती अर्धी इनिंग संपवायची, असा दंडक आहे. चुकीचा माणूस आणलात तर लगेच परत पाठवता येत नाही.

माझ्या मते मात्र दम सांभाळण्याची खरी कला बुलपेनमध्ये नाही, पहिल्या इनिंगच्या पहिल्या चेंडूतच आहे. हिशेब शाळकरी आहे. इनिंगमागे १५ चेंडू खर्च झाले तर सहा इनिंगला ९० होतात आणि पट्टी रडू लागते. इनिंग ११ चेंडूंत भागवली तर नऊच्या नऊ ९९मध्ये उरकतात. पण आपल्याला हौस असते स्ट्राइकआउटची! बॅटर हवेत बॅट फिरवून परत जातो ते दृश्य फारच गोड. त्या गोडव्याची किंमत किमान तीन चेंडू, बहुधा पाच-सहा. बॅटरने पहिलाच चेंडू जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे ढकलला तर तोच बळी एका चेंडूत मिळतो. ग्रेग मॅडक्सने अशा काटकसरीवर कारकीर्द उभी केली. पूर्ण सामना एकट्याने टाकायचा, १००पेक्षा कमी चेंडूंत, आणि धाव एकही द्यायची नाही, या पराक्रमाला तिकडे ‘मॅडक्स’ असंच नाव पडलं आहे. मी स्वतः अनेक महिने प्रत्येक बॅटरला तिखट स्लायडर टाकत पाचव्या इनिंगला माझे स्टार्टर गळाठून टाकत असे आणि दोष गेमला देत असे. मग चेंडू प्लेटच्या खालच्या कडेवर ठेवायला शिकलो. स्ट्राइकआउट घटले, पिचर सातव्या इनिंगपर्यंत टिकू लागले.

पट्टीला एक गोष्ट मात्र दिसत नाही. हात किती थकला ते ती सांगते. डाव किती शिळा झाला ते सांगत नाही. बॅटर एकाच पिचरला त्या दिवशी तिसऱ्यांदा सामोरा येतो तेव्हा त्याला चेंडूचा अंदाज आलेला असतो, आणि पिचरची कामगिरी तिसऱ्या फेरीत घसरते, हे आकडेमोड करणाऱ्यांनी दाखवून दिलं आहे. २०२०च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना याच मुद्द्यावर गाजला. टॅम्पा बेचा ब्लेक स्नेल अप्रतिम टाकत होता: ७३ चेंडू, ९ स्ट्राइकआउट, संघ १-० पुढे. सहाव्या इनिंगमध्ये एक हिट गेली, लॉस एंजेलिस डॉजर्सची वरची फळी तिसऱ्या फेरीला येत होती, आणि मॅनेजर केव्हिन कॅशने त्याला बाहेर काढलं. पुढच्याच बॅटरने, मूकी बेट्सने, नव्या पिचरला डबल मारला आणि डॉजर्सनी सामना ३-१ने जिंकून विजेतेपद घेतलं. कॅशवर आजही टीका होते. दमाच्या पट्टीने पाहिलं तर निर्णय वेडेपणाचा होता. तिसऱ्या फेरीच्या हिशेबाने पाहिलं तर रीतसर. गेममध्ये इंटरनेटवर समोर हाडामासाचा माणूस खेळत असतो तेव्हा तिसऱ्या फेरीचा हा हिशेब फार लवकर पटतो. दोन स्ट्राइक झाले की तुम्ही खाली वळणारा चेंडू टाकता, हे त्याने पहिल्या दोन फेऱ्यांत हेरलेलं असतं. तुमची पट्टी पाऊण भरलेली असू दे, तो वाट बघत बसलेला असतो.

दम म्हणजे साठा की शील, यावर जपानी मनाने वेगळं उत्तर दिलं होतं. कोशिएनच्या शालेय स्पर्धेत १९९८ साली दाइसुके मात्सुझाका या पोराने १७ इनिंग आणि २५० चेंडू एकट्याने टाकून उपान्त्यपूर्व सामना जिंकला आणि तो देशाचा लाडका झाला. कोनामीच्या ‘पावरपुरो’ मालिकेत, जी १९९४पासून चालू आहे, दम हा वेग आणि नियंत्रणाच्या पंक्तीला बसणारा गुण आहे आणि त्याला इंग्रजी अक्षरांची श्रेणी मिळते. तिच्यात शाळेचा प्रशिक्षक होऊन संघाला कोशिएनला नेण्याचाही एक प्रकार आहे. खऱ्या शालेय बेसबॉलमध्ये २०२०पासून एका पिचरला आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा घातली गेली. गेममधला दम चार दिवसांच्या विश्रांतीने पुन्हा काठोकाठ भरतो. कोपराच्या आतल्या बाजूचा स्नायुबंध तसा भरत नाही. तो फाटला तर शस्त्रक्रिया आणि वर्षभराहून जास्त विश्रांती. ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ साली टॉमी जॉन या पिचरवर केली आणि त्याच्याच नावाने ओळखली जाते.

हे सगळं ठाऊक असूनही २०२५च्या वर्ल्ड सिरीजने माझी पंचाईत केली. डॉजर्सचा पिचर योशिनोबु यामामोतोने ३१ ऑक्टोबरला टोरांटोत ९६ चेंडू टाकले. दुसऱ्याच रात्री, सातव्या सामन्यात, ४-४ अशी बरोबरी आणि बेसवर दोन धावपटू असताना तो पुन्हा टेकाडावर आला आणि ३४ चेंडूंत डॉजर्सना विजेतेपद मिळवून देऊन उतरला. त्या आठवड्यात मी गेममध्ये माझ्या सर्वांत दमदार पिचरला लागोपाठ दोन दिवस टाकायला लावलं. पट्टी तळाला चिकटूनच होती. पहिल्याला चार चेंडूंवर फुकटचा बेस, दुसऱ्यालाही तसाच, आणि तिसऱ्याने मारलेला चेंडू सेंटर फील्डच्या भिंतीपलीकडे गेला तेव्हा माझा बुलपेनमधला माणूस अजून हातच गरम करत होता.