गुडघ्याची दुखापत : सूज केव्हा आली हे पाहावे

भातलावणीच्या दिवसांत पाय चिखलात घट्ट रुतलेला असतो आणि अंग मात्र दुसऱ्या बाजूस वळते. अशा वेळी सारा पीळ गुडघ्यावर येतो. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनात चढताना पाय घसरणे, बांधावरून उडी मारणे, बैलाची लाथ बसणे ही दुखापतीची आणखी काही कारणे होत.

मांडीचे व नडगीचे हाड यांना चार बळकट बंध एकत्र धरून ठेवतात. दोन बंध सांध्याच्या दोन्ही कडांना असतात, तर दोन सांध्याच्या आत एकमेकांना छेदून जातात. हाडांच्या मधोमध कूर्चेच्या दोन अर्धचंद्राकृती गाद्या असून त्या भार झेलतात. यांपैकी काय दुखावले हे वरून दिसत नाही. परंतु सूज किती वेळाने आली यावरून पुष्कळसा अंदाज बांधता येतो. पीळ बसताना ‘कट्’ असा आवाज होऊन दोन-तीन तासांतच गुडघा टरारून फुगला, तर आत रक्त साचले असे बहुधा समजावे. आतील बंध तुटल्यास किंवा हाड मोडल्यास असे घडते. सूज दुसऱ्या दिवशी आली आणि गुडघा मधूनच अडकू लागला, तर गादी फाटल्याचा संशय घ्यावा. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्याने दुखापतीची व सूज आल्याची वेळ चिठ्ठीवर लिहून रोग्याबरोबर द्यावी. डॉक्टरांस तिचा फार उपयोग होतो.

गरम विटेने शेकणे व तेल लावून चोळणे हे उपाय घरोघर चालतात. पहिल्या दोन दिवसांत त्यांनी सूज वाढण्याचाच संभव अधिक. अडकलेला गुडघा कोणाकडून ओढून सरळ करून घेणे तर त्याहून घातक. काम थांबवून पाय उशीवर उंच ठेवावा. कापडात गुंडाळलेला बर्फ 15 ते 20 मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा लावावा. बर्फ नसल्यास माठाच्या पाण्यात भिजविलेल्या घड्या ठेवाव्यात. पट्टी बांधल्यास पायाची बोटे बधिर होणार नाहीत इतपतच आवळावी.

दुखऱ्या पायाने चार पावलेही टाकता येत नसतील, गुडघा काटकोनात वाकत नसेल, वाटीवर किंवा गुडघ्याखाली बाहेरच्या अंगास असलेल्या हाडाच्या टोकावर दाबताच कळ येत असेल, अथवा रोग्याचे वय 55 वा अधिक असेल, तर त्याच दिवशी एक्स-रे काढवून घ्यावा. सांधा वेडावाकडा दिसून पाऊल थंड व फिके पडले असेल, तर गुडघ्यामागील रक्तवाहिनी दुखावलेली असू शकते. सुमारे 6 तासांत रक्तप्रवाह पूर्ववत न झाल्यास पाय गमावण्याची वेळ येते. तेव्हा गुडघा आहे त्या स्थितीत कामट्यांच्या आधाराने स्थिर करून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

बाभळीच्या काट्याची जखम क्षुल्लक मानली जाते. काटा सांध्यापर्यंत गेला असल्यास मात्र आत पू होऊन काही दिवसांत कूर्चा नष्ट होऊ शकते. गुडघा लाल व गरम होऊन ताप आला, तर सकाळची वाट पाहू नये. कोणत्याही उघड्या जखमेसाठी धनुर्वाताच्या लशीविषयी आरोग्य केंद्रात विचारावे.

एक्स-रेत हाड शाबूत दिसले म्हणून लगेच नांगर धरू नये. बंध व गाद्या त्यात दिसत नाहीत. दोन आठवड्यांनंतरही चालताना गुडघा निसटत वा अडकत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांस पुन्हा दाखवावे.