झाशी : किल्ल्याखालचे गाव

झाशीला जाणारा मराठी प्रवासी बहुधा एका दिवसाचा पाहुणा असतो. किल्ला चढावा, कडकबिजली तोफेवर हात ठेवावा, राणीने घोड्यासह उडी घेतल्याचे जे ठिकाण दाखवितात तेथे क्षणभर उभे राहावे आणि दुपारी ओरछ्याची वाट धरावी, असा त्याचा क्रम ठरलेला. त्यात वावगे काही नाही. परंतु ज्या राणीसाठी आपण इतक्या दूर येतो, ती राणी किल्ल्यापेक्षा किल्ल्याखालच्या गावात अधिक सापडते, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

हा किल्ला मुळात आपला नव्हे. ओरछ्याचा राजा वीरसिंहदेव याने 1613 साली बंगरा टेकडीवर तो बांधला. छत्रसालाने पहिल्या बाजीरावास बुंदेलखंडातील आपल्या मुलखाचा वाटा दिल्यानंतर या प्रांतात मराठ्यांचे पाऊल स्थिरावले, आणि 1742 च्या सुमारास नारोशंकर येथे सुभेदार म्हणून आला. नाशिकच्या गोदाकाठी ज्याच्या देवळाची घंटा प्रसिद्ध आहे, तोच हा नारोशंकर. त्याने किल्ला वाढविला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे खाली लोक आणून गाव वसविले. पुढे सुभेदारी नेवाळकरांकडे आली. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून भिक्षुक, कारकून, सावकार, शिलेदार अशी मराठी मंडळी इकडे आली आणि येथलीच झाली.

तेव्हा गाव पाहावयाचे ते वेशींवरून. जुन्या शहराभोवती दगडी तट होता; त्याचे तुकडे आजही घरांच्या पाठीमागे, कोठे दुकानाच्या भिंतीला टेकून उभे आहेत. दरवाजांची नावे मोठी बोलकी आहेत. दतिया, ओरछा, सागर, भांडेर, उन्नाव, बडागाव : जी वाट जेथे जाते त्या गावाचे नाव त्या वेशीला. मध्येच एक खंडेराव दरवाजा भेटतो आणि मराठी कान टवकारतो. या वेशींवरून चालत गेले म्हणजे शहराचा नकाशा कागदावाचून समजतो.

आत माणिक चौक आणि बडा बाजार यांच्या गर्दीत राणीमहाल आहे. 1853 च्या नोव्हेंबरात गंगाधरराव वारले. दत्तक नामंजूर होऊन 1854 साली संस्थान खालसा झाले आणि राणीला किल्ला सोडावा लागला. त्यानंतर 1857 च्या जूनपर्यंतची तीन वर्षे ती या वाड्यात, भर वस्तीत राहिली. शेजारी सराफ, शिंपी, हलवाई. महालक्ष्मीच्या दर्शनाला निघाली की ती याच रस्त्यांवरून जाई. शहर तिला ओळखत होते ते असे. 1858 च्या वेढ्यात शहरातील सामान्य माणसे तिच्यामागे का उभी राहिली, याचे निदान अर्धे उत्तर तरी या शेजारात आहे, असे मला वाटते. इंग्रजांच्या माऱ्यात वाड्याचा बराच भाग गेला. जे उरले त्यात आता पुरातत्त्व खात्याने जुन्या मूर्ती मांडल्या आहेत. वरच्या मजल्यावरच्या दिवाणखान्यातील रंगकाम मात्र अवश्य पाहावे.

या गावात राहणे म्हणजे काय, हे ज्याने लिहून ठेवले तो पाहुणा आपल्याच कोकणातला. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरचे कर्ज फेडावे म्हणून दक्षिणेच्या आशेने काकांसह उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत झाशीत येऊन राहिले. ‘माझा प्रवास’ हे त्यांचे पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी 1907 साली छापून काढले. राणीची पूजाअर्चा, तिचा नित्यक्रम, शहराचा थाट हे सारे त्यांनी पाहुण्याच्या नजरेने टिपले. आणि 3 एप्रिल 1858 ला इंग्रजी सैन्य तटावरून आत शिरले तेव्हा जे झाले, तेही. घरोघर शिरून केलेली कत्तल, लूट, जाळलेला ग्रंथसंग्रह. जीव वाचला, गाठीचा पैसा गेला. इंग्रजी दप्तरात ही मोहिमेची हकीगत आहे. भटजींच्या पुस्तकात ती आळीची हकीगत आहे. झाशीस जाताना हे पुस्तक पिशवीत असू द्यावे आणि संध्याकाळी त्यातली चार पाने वाचावीत. दिवसा ओलांडलेली गल्ली रात्री निराळी दिसू लागते.

राहण्याची सोय पाहू लागले म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. बरी हॉटेले बहुतेक स्टेशनाच्या आणि छावणीच्या बाजूस. जुन्या गावात फारसे काही नाही. यामागेही इतिहास आहे. 1861 साली इंग्रजांनी जुने शहर आणि किल्ला शिंद्यांच्या स्वाधीन केला व आपले ठाणे बाहेर, झाशी नौआबाद येथे ठेवले. 1886 साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात शहर परत घेतले, आणि त्याच सुमारास रेल्वे आली. गावाचे तोंड स्टेशनाकडे वळले ते कायमचे. म्हणून निजावे बाहेर, पण सकाळी लवकर जुन्या गावात शिरावे, पायी फिरावे, आणि हे निदान दोन दिवस करावे. ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला. मे महिन्यात तेथला खडक रात्रीही निवत नाही.

गणेश मंदिर चुकवू नये. 1842 साली गंगाधरराव आणि लक्ष्मीबाई यांचे लग्न येथे लागले, आणि झाशीतील मराठी मंडळींचे एकत्र येण्याचे ठिकाण आजही हेच. त्यांचे मराठी ऐकावे : क्रियापदे आपली, हेल बुंदेली. नव्या पिढीच्या तोंडी हिंदीच अधिक, आणि जुने वाडे वाटण्या होऊन एकेक करून पडत आहेत. ‘वीरांगना’ म्हणून राणीचे नाव स्टेशनालाही दिलेले आहे. परंतु ती ज्या आळीत राहिली त्या आळीतल्या पडक्या जोत्यांची नोंद कोणी ठेवीत असेल तर बरे.

उरल्या वेळी लक्ष्मी दरवाजातून बाहेर पडावे. थोड्याच अंतरावर लक्ष्मीतलाव, काठी महालक्ष्मीचे देऊळ आणि जवळच गंगाधररावांची छत्री आहे. ती राणीने बांधविली. तिची स्वतःची समाधी मात्र ग्वाल्हेरला.