ढोलाचा ठोका आणि बाहेरचे यंत्र

नंदुरबार जिल्ह्यातील काठीच्या राजवाडी होळीत घुमणारे ढोल, बासऱ्या आणि कमरेच्या घुंगरांचा नाद टिपण्यासाठी आता महानगरातील स्टुडिओच गाठावा लागत नाही. दोन-तीन मायक्रोफोन, ऑडिओ इंटरफेस आणि बऱ्यापैकी संगणक असला की सातपुड्यातील संगीत घरच्या खोलीतही ध्वनिमुद्रित होते. त्यानंतर मोह पडतो तो बाहेरच्या यंत्रांचा.

ही यंत्रे दोन प्रकारची. पहिल्या प्रकारात प्लगइनची आकडेमोड संगणकाऐवजी वेगळ्या प्रोसेसरवर होते. मंद संगणकांच्या काळात युनिव्हर्सल ऑडिओचे ‘यूएडी’ किंवा टीसी इलेक्ट्रॉनिकचे ‘पॉवरकोअर’ मोठा आधार होते. मात्र पॉवरकोअरचे उत्पादन २०११ मध्ये थांबले. त्यामुळे असे जुने यंत्र स्वस्तात मिळाले, तरी आपल्या संगणकासाठी त्याचा ड्रायव्हर उपलब्ध आहे का, हे आधी पाहावे. आजच्या संगणकाला या कुबडीची गरज क्वचितच भासते.

दुसरा प्रकार म्हणजे खराखुरा अ‍ॅनालॉग कॉम्प्रेसर किंवा रिव्हर्ब. इंटरफेसचे पहिले दोन आउटपुट सहसा स्पीकरकडे जातात. म्हणून स्टिरिओ यंत्रासाठी आणखी दोन आउटपुट आणि दोन लाइन इनपुट मोकळे हवेत. क्यूबेस, लॉजिक, एबलटन लाइव्ह यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हा मार्ग प्लगइनसारखाच जोडता येतो.

खरी अडचण वेळेची आहे. आवाज संगणकातून बाहेर जाऊन परत येईपर्यंत उशीर होतो. ४४,१०० नमुन्यांच्या गतीला २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे ५.८ मिलिसेकंद, आणि तोही एका बाजूचा. हा विलंब कानाला जाणवेलच असे नाही. पण मूळ ढोल आणि यंत्रातून आलेला ढोल एकत्र मिसळले की घोटाळा होतो. ५ मिलिसेकंदांच्या अंतराने तोच आवाज स्वतःत मिसळला, तर १०० हर्ट्झच्या आसपासचा भाग खोडला जातो. ढोलाचा भरदार घुमारा नेमका त्याच पट्ट्यात असतो. मग ढोल पोकळ वाटतो आणि दोष बिचाऱ्या मायक्रोफोनला दिला जातो!

उपाय सोपा आहे. सॉफ्टवेअर एक चाचणी-ध्वनी यंत्रातून फिरवून विलंब मोजते आणि तेवढी भरपाई करते. बफर किंवा नमुना-गती बदलली की ही मोजणी पुन्हा करावी. त्या वेळी स्पीकर बंद ठेवावेत. सतत गुणगुण येत असेल, तर सर्व उपकरणांना एकाच बोर्डावरून वीज द्यावी आणि बॅलन्स्ड केबल वापराव्यात. अर्थिंग मात्र तोडू नये; ते जिवावर बेतू शकते.

एक प्लगइन दहा ट्रॅकवर चालते, यंत्र एका वेळी एकाच ठिकाणी. शिवाय यंत्र जोडलेले असताना सहा मिनिटांच्या गाण्याची अंतिम प्रत काढायला पूर्ण सहा मिनिटे लागतात. मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे यंत्रातून आलेला आवाज लगेच नव्या ट्रॅकवर मुद्रित करावा आणि यंत्राची बटणे कुठे होती ते वहीत टिपून ठेवावे, कारण जुन्या धाटणीच्या यंत्राची ही मांडणी संगणकात साठवली जात नाही.